डाव्या खांद्यावरची खूण

दीक्षाने जेलचा थेंब डाव्या खांद्यावर ठेवला, तसे भागोजी एवढे दचकले की त्यांच्याखालचं स्टूल करकरलं.

"थंड हाय," त्यांनी कळवलं.

"हो काका. आता वायच हलू नका."

भागोजी खरं तर कमरेच्या नायट्यासाठी आले होते, आणि नायट्याबद्दल बोलायला त्यांना मुळीच आवडत नव्हतं. कंबर दाखवताना ते सगळा वेळ भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत होते. पण त्यासाठी सदरा काढावा लागला, आणि सदरा निघाल्याबरोबर डॉक्टरीणबाईंचं लक्ष कमरेवरून उडून खांद्यावर गेलं. तळहाताएवढा डाग होता. पांढरट, घट्ट, मेणासारखा चकचकीत, आणि वर केस औषधालाही नाही. कडेने मात्र जांभळाचा डाग धुतल्यावर कपड्यावर उरतो तसा फिकट जांभळा रंग.

"हे काय झालंय?" तिने विचारलं होतं.

नातवाला बोर्डात किती मार्क पडले असं कुणी विचारावं आणि ते चांगले पडलेले असावेत, तशी भागोजींची पाठ ताठ झाली.

"झालंय कुठं? ती खूण हाय. आमच्या वाघजाईची."

मग नायटा राहिला बाजूला आणि खुणेचीच गोष्ट सुरू झाली. जयगडच्या रस्त्यावर आत वळलं की त्यांचं गाव. शिमग्यात वाघजाईची पालखी देवळातून बाहेर पडते तेव्हा पुढच्या दांड्याचा मान त्यांच्या घराण्याचा. तीस वर्षं भागोजी मुंबईत एका कंपनीच्या गेटवर उभे राहिले, पण एक शिमगा चुकवला नाही. साहेबाने रजा दिली तर बरं, नाही दिली तर न सांगता. निवृत्त होऊन कायमचे गावी आले, आणि तिसऱ्या शिमग्यानंतर ही खूण उमटली. तेव्हापासून लोक आधी पालखीला हात जोडतात आणि मग ह्यांच्या खांद्याला हात लावतात. चाकरमानी पोराबाळांना घेऊन येतात. मागच्या वर्षी एकीने तर खांद्यालाच हळदकुंकू लावलं, ते सांगताना भागोजींना जरा लाजल्यासारखं झालं.

"पालखी कुठल्या खांद्यावर घेता?" दीक्षाने विचारलं.

"उजव्या."

"आणि खूण डाव्या."

भागोजींनी तोंड उघडलं, पण उत्तर मागून आलं. त्यांची बायको राही सदरा हातावर घेऊन भिंतीपाशी उभी होती. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"आई काय खांदा बघून देते काय? तिच्या मनात आलं थितं दिलान."

भागोजींनी वळून बायकोकडे पाहिलं. "तिच्या मनात आलं थितं," ते म्हणाले.

दीक्षाने डर्मोस्कोप खांद्यावर टेकवला. हातात मावेल एवढं यंत्र, भिंगाभोवती बारीक दिव्यांचं कडं. दोन वर्षांपूर्वी मुंबईचं शिक्षण संपवून तिने रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ या दोन खोल्या घेतल्या तेव्हा खुर्च्यांच्या आधी हे यंत्र घेतलं होतं. लोक तिच्याकडे वांग दाखवायला यायचे, खरूज दाखवायला यायचे, लग्न ठरलेल्या मुली मुरमं दाखवायला यायच्या. देवीची खूण पहिल्यांदाच आली होती.

भिंगाखाली कातडीचं रूप पालटतं. भार वाहून वाहून पडलेला घट्टा असता तर पिवळट, जाड, एकसारखा थर दिसला असता. इथे पांढरे, ढगाळ पट्टे एकमेकांना छेदून गेलेले होते आणि त्यांच्यातून रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या फुटलेल्या होत्या. केसांची छिद्रं मधेमधे बुजून गेली होती. दीक्षाने मोबाइल जोडून फोटो घेतले, मग सरकून कडेचा जांभळा भाग पाहिला, तोही बराच वेळ. मग तिने कापसाची वात केली.

"काका, डोळे मिटा. कापूस लागला की बोट दाखवायचं, कुठे लागला ते."

हे ऐकलं मात्र, राहीची मूठ सदऱ्यावर आवळली. गावात आरोग्य खात्याच्या बायका घरोघर चट्टे तपासत येतात तेव्हा त्याही असाच कापूस फिरवतात. काय शोधत असतात ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुणी बोलत नाही.

भागोजींनी प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवलं. डागाच्या मधोमधसुद्धा. राहीचे ओठ हलत होते. वाघजाईचं नाव घेत असावी.

"आता दोन्ही हात वर करा."

उजवा हात सरळ छताकडे गेला. डावा कानापर्यंत आला आणि थांबला.

"म्हातारपण," भागोजी म्हणाले.

"उजवा तरुणच आहे वाटतं अजून."

भागोजी हसले. आल्यावर ते तिला 'तुमी' म्हणत होते. एव्हाना ते 'तू'वर आले होते आणि डॉक्टरची 'बाय' झाली होती.

दीक्षाने स्टूल ओढून समोर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. ही कातडी आतून घट्ट होत चालली आहे. कड जांभळी आहे, म्हणजे अजून पसरते आहे. एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हणजे खात्री होईल. मग गोळ्या, मलम, हाताचा व्यायाम. "औषधाने हे थांबेल, काका. मऊ पडेल, पुष्कळसं जाईलसुद्धा."

आणि इथे तिचं चुकलं. हा शब्द उच्चारायला नको होता, हे तिला भागोजींच्या तोंडाकडे बघून कळलं.

"जाईल?" ते म्हणाले. "आईनं दिलेलं पुसायला आलोय काय मी? तू नायट्याचं लिही, बाय." त्यांनी राहीच्या हातातला सदरा ओढला. मग रागाने बोललो की काय असं त्यांना वाटलं असावं, कारण आवाज लगेच खाली आला. "तुमच्याकडं येते ना पालखी? तुला कळायला पायजे."

"आमच्या वाडीत नाही येत पालखी," दीक्षा म्हणाली.

भागोजींचा हात बटणावर थांबला. ती कुठल्या वाडीतली ते त्यांना कळलं. त्यांनी एकेक करून सगळी बटणं लावली.

"यायला पायजे," शेवटी ते म्हणाले, आणि चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमध्ये गेले.

राही गेली नाही. ती नवऱ्याच्या स्टूलवर बसली आणि तिने पिशवी मांडीवर घेतली.

"त्या भिंगात दिसतं काय?"

"काय, मावशी?"

राहीला नाव घेता येईना. "मोठा रोग," ती म्हणाली.

तेव्हा कुठे दीक्षाला कळलं की ही बाई एवढा वेळ भिंतीला का टेकून उभी होती. तिने फोन पुढे केला, फोटो मोठा केला. "हा महारोग नाही. हे पांढरे पट्टे बघा. महारोगात भिंगाखाली रंग वेगळा दिसतो, पिवळट केशरी. आणि डागाला स्पर्श कळत नाही. काकांना कापूससुद्धा कळला. तुकडा तपासू तेव्हा पक्कं होईलच, पण माझ्या मनात शंका नाही."

"परत सांगा."

"महारोग नाही, मावशी."

राहीला एवढं हलकं वाटलं की उठून उभं राहायची भीती वाटली. ती फोनकडे बघत राहिली. आपल्या नवऱ्याचा खांदा असा आतून कुणी पाहिला नसेल असं तिला वाटलं, आणि त्या पांढऱ्या पट्ट्यांची उगीचच माया आली.

"मग ह्ये हाय तरी काय?"

"आपल्या अंगात राखणदार असतात ना, रोगराईवर धावून जाणारे? ते चुकून घरच्याच माणसावर धावून गेलेत. कातडीलाच परकी समजले. कुणाचा शाप नाही, कुणाचं पाप नाही."

"राखणदार चुकतो काय?"

"चुकतो कधी कधी."

राहीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग तिने सांगून टाकलं. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना.

तिच्या माहेरी एक चुलता होता. हातावर असाच पांढरा चट्टा आला. घरच्यांनी त्याला आंब्याच्या बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, नेऊन ठेवलं. जेवण घेऊन जायचं काम राहीचं, आठ-नऊ वर्षांची असेल. थाळी दगडावर ठेवायची आणि मागे न बघता यायचं असा आईचा हुकूम. चुलता लांबून हाका मारायचा, शाळेत आज काय शिकवलं म्हणून विचारायचा, आणि ती उत्तर न देता पळायची. एक दिवस थाळी तशीच दगडावर राहिली. तो कुठे गेला ते कुणी शोधलंसुद्धा नाही.

"ह्यांच्या खांद्यावर चट्टा आला तेव्हा मी कुणाला बोलले नाय. ह्यांनाही नाय. एक दिवस ह्ये मागल्या दारी आंघोळीला बसलेले, शेजारची सखू कडीपत्त्याला आली आणि तिनं बघितलान. मला बाजूला ओढून ह्ये काय गो, म्हणाली. सखूला कळलं म्हंजे तिन्हीसांजेपर्यंत गावाला कळलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, पालखीची खूण हाय. आईनं दिलीय." राहीने मान वर केली. "तिनं तिथंच हात जोडलान. मला वाटलं, सुटले."

दीक्षाने फोन टेबलावर ठेवला.

"मग गाव हात जोडायला लागला. ह्यांचा पण विश्वास बसला. आता तुम्ही सांगता औषध घ्यायला पायजे, आणि ह्ये घेणार नायत. माझ्यामुळं."

"नाही घेतलं तर हात आणखी आखडेल," दीक्षा हळूच म्हणाली. "आज कानापर्यंत जातो. पुढच्या वर्षी सदराही घालता येणार नाही."

"घरी आताच मी घालते ह्यांना सदरा," राही म्हणाली.

खालून भागोजींची हाक आली. गाडी चुकायची वेळ झाली होती.

घरी आल्यावर राहीने पुष्कळ दिवस नुसते विचारात घालवले. पहिल्यांदा तिला वाटलं, गुरवाला गाठावं. देवळात कौल लावायला सांगावं, औषध घेऊ दे की नको, आणि फूल उजवीकडूनच पडेल असं काहीतरी त्याने करावं. गुरवाने ऐकलं असतं. पण एका खोट्यावर दुसरं खोटं, तेही देवीच्या अंगावर चिकटवायचं, हे काही तिच्या मनाला पटेना. मग वाटलं, स्वप्न पडलं म्हणून सांगावं. स्वप्न रचायलाही बसली ती एकदा चुलीपाशी. पण स्वप्नात आलेली वाघजाई डोळे वटारूनच उभी राहिली, औषधाचं बोलेना.

खरं दुखणं आणखी वेगळं होतं, आणि ते तिने डॉक्टरणीलाही सांगितलं नव्हतं. खूण उमटली तसे भागोजी पडवीत निजायला लागले. देवीचा माणूस झालो, आता नेम पाळायला पायजे, असं म्हणाले. ताटही वेगळं काढलं. जेवण झालं की स्वतः घासून पडवीच्या कोनाड्यात ठेवायचे. तीस वर्षं नवरा मुंबईत, वर्षातून दोनदा भेटणारा. आता कायमचा घरी आला म्हणून ती मनातून नवी नवरी झाली होती, आणि तीनच वर्षांत तो पडवीत गेला. तेही तिच्याच एका वाक्याने. स्वतःच्या तोंडाने मी माझा माणूस देवीला देऊन बसले, असं तिला वाटायचं, आणि मग देवीचाच राग यायचा, आणि मग त्या रागाची भीती वाटायची.

एक दिवस दुपारी भागोजी माळ्यावरून झाडूच्या हिरांचा भारा काढायला गेले. डावा हात वर जाईना म्हणून उजव्या हाताने ओढला, तो तोल जाऊन भाऱ्यासकट खाली बसले. लागलं नाही. राही धावत आली तर म्हणाले, "भाऱ्यालाच घाई होती."

तिला हसू आलं नाही. ती त्यांच्यासमोर तिथेच जमिनीवर बसली.

"ती खूण आईची नाय."

भागोजी हीर गोळा करत होते.

"मी सांगितलं सखूला. माझ्या मनातलं. मला वाटलं मोठा रोग हाय, लोक तुम्हाला बाहेर काढतील. म्हणून बोलले. तुमी रागवा, काय करायचं ता करा, पण औषध घ्या."

"म्हाईत हाय," भागोजी म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"मी मागल्या दारीच होतो की त्या दिवशी. तू सखूला काय सांगितलंस ता सगळं ऐकलं. मी काय बहिरा हाय?"

राही बघतच राहिली. "मग एवढी वर्षं खांदा पुढं करून फिरलात?"

"तू बोललीस, मग मी तुला खोटी पाडू काय?" त्यांनी हिरांची टोकं जमिनीवर ठोकून सारखी केली. "गोळ्या घेऊन खूण गेली, तर गाव कुणाला विचारील? देवीची खूण डॉक्टरच्या गोळीनं कशी गेली, म्हणून? तुला विचारील. माझ्या मागं पण विचारील."

"आणि हात?"

"उजवा हाय की."

राहीला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती कडाडली. "उजवा हाय की, म्हणे. डॉक्टरीण सांगते मोठा रोग नाय, औषधानं बरं होईल, आणि ह्ये म्हणतात उजवा हाय."

भागोजींचे हात थांबले. "नाय?"

"काय नाय?"

"मोठा रोग नाय म्हणाली?"

"दोनदा म्हणाली. मी दोनदा विचारलं."

भागोजींनी हातातले हीर खाली ठेवले.

"कधी जायचं म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"आणि खूण नाय, देवीचं काय नाय, तर नेम तरी कसला पाळताय? पडवीत कशाला निजता?"

"वारा चांगला लागतो थितं," भागोजी म्हणाले आणि भारा उचलून अंगणात गेले. माघाचा महिना होता. पहाटे आतसुद्धा दोन गोधड्या लागत होत्या.

सखूला खरं सांगायचं काम राहीने स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चार बायकांसमोर तिने सांगून टाकलं, खूण देवीची नव्हे, दुखणं आहे, मीच घाबरून खोटं बोलले, आता औषध सुरू करतोय. सखूने कळशी विसळली, भरली, कमरेवर घेतली.

"डॉक्टरांना काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "आणि तू खोटं बोललीस म्हणतेस, पण तुझ्या तोंडात ता घातलान कुणी?"

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. ज्या भीतीपायी एक माणूस हात घालवायला निघाला होता, ती अशी पाणवठ्यावरच निकालात निघाली. राही कळशी न भरताच घरी आली.

तुकडा काढला, मुंबईला गेला. शिमगा तोंडावर आला तेव्हा निकाल घ्यायला दोघं पुन्हा रत्नागिरीला आली.

दीक्षाने सांगितलं की भिंगात दिसलं होतं तेच आहे. कातडी घट्ट होण्याचं दुखणं, आणि तेही कातडीपुरतं. रक्त तपासून झालं होतं, तेही चांगलं होतं. तिने गोळ्या समजावल्या. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घ्यायची नाही, हे तिने भागोजींकडून दोनदा वदवून घेतलं. व्यायाम दाखवला. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, रोज थोडं वर.

"आणि पालखी?" भागोजींनी विचारलं.

"उजव्या खांद्यावर घ्या की. पण भर उन्हात नाचवणार असाल तर अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा."

तिने पुन्हा एकदा भिंग खांद्यावर ठेवलं, आजचे फोटो घेतले. दोन महिन्यांनी ताडून बघायला लागतील, म्हणाली. भागोजी या वेळी थंड जेलला दचकले नाहीत. ते कसला तरी विचार करत होते.

"राही," ते म्हणाले, "खाली मेडिकलात गर्दी हाय काय बघून ये."

"गर्दी असली तर थांबू. काय विचारायचं ता विचारा. मी हितंच हाय."

भागोजींनी घसा खाकरला.

"बाय, ह्ये एकाचं दुसऱ्याला लागतं काय?"

"नाही, काका."

"नाय, म्हंजे एका ताटात जेवलं तर?"

"तरी नाही."

भागोजी पुन्हा खाकरले. आता ते दीक्षाकडेही बघत नव्हते आणि राहीकडेही नाही.

"एका गोधडीत निजलं तर?"

दीक्षाने हातातलं यंत्र खाली ठेवलं. "नाही लागत. कशानेच नाही लागत. कधीच लागणारं नव्हतं."

"म्हंजे त्या वेळी पण?"

"त्या वेळी पण."

भागोजींनी मान हलवली. खोलीत पंखा फिरत होता. राही भिंतीपासून पुढे आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"म्हंजे तुमाला पण वाटलेलं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"तुला काय झालं असतं," भागोजी म्हणाले, "तर मी कुणाकडं बघायचं होतं? तीस वर्षं लांबूनच बघितलं. आणखी थोडं बघितलं, एवढंच. पडवीतनं तू दिसायचीस तरी."

दीक्षा उठून बेसिनपाशी गेली. हात स्वच्छच होते, तरी तिने ते पुन्हा धुतले, सावकाश, आणि नळ बंद करायची घाई केली नाही.

राहीला काय करावं ते सुचेना. परक्या खोलीत, एका पोरीच्या देखत नवऱ्याला जवळ घ्यायचं तिचं वय नव्हतं आणि रीतही नव्हती. तिने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचं उरलेलं जेल पदराने पुसलं. पुसून झाल्यावरही हात तिथेच ठेवला, सगळा तळहात, त्या चकचकीत डागावर. गावातल्या प्रत्येकाने लावला होता त्या खांद्याला हात. राहीने लावला नव्हता.

"घट्ट हाय," ती म्हणाली.

"दुखत नाय पण."

दीक्षा टॉवेलला हात पुसत परत आली तरी राहीने हात काढला नाही. तशीच वळून तिने विचारलं, "डॉक्टरीणबाय, मऊ पडायला किती दिवस लागतील?"

"महिने लागतील, मावशी. धीर धरायला हवा."

"औषधाला धरते धीर," राही म्हणाली. "पण अंथरूण मी आजच आत घेणार हाय."

"अगो, पोरीसमोर काय ता बोलतेस," भागोजी म्हणाले, आणि सदरा कुठे ठेवला ते शोधायला लागले.